टेपला टेकलेला गाल

गाड्या थांबल्या आणि अमरीन जागी झाली. आधी नाही. सायलेन्सर काढलेल्या दोन मोटरसायकली 'मौत का कुआँ'च्या लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवरून गरगरत थेट आमच्या पायांपर्यंत वर आल्या, तेव्हा कठड्याला टेकलेली सगळी माणसं मागे सरली. माझ्या शेजारच्या बाईनं दोन्ही कान हातांनी दाबले, कुणाचं तरी पोर किंचाळत आईच्या पदरात शिरलं, आणि माझ्या खांद्यावर अमरीन तोंड जरासं उघडं ठेवून, माझ्या ओढणीवर लाळ गाळत झोपून राहिली. पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. ती थरथर माझ्या पोटऱ्यांतून वर चढत होती, माझ्यातून तिच्यात जात होती, आणि ती माझ्या मानेत आणखीच आत शिरत होती, रिक्षात बसलो की शिरते तशी. "काय गुणाचं पोर गो तुझं," शेजारची बाई ओरडून म्हणाली, "आमचं असतं तर मैदान डोक्यावर घेतलंन असतं." मी हसले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग गाड्या गोल गोल खाली उतरत गेल्या, इंजिनं बंद पडली, फळ्या निश्चल झाल्या, लोक टाळ्या वाजवायचंसुद्धा क्षणभर विसरले. त्या शांततेत तिनं दचकून डोळे उघडले. कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

मुसाच्या काही लक्षात आलं नाही. मनात मी त्याला मुसाच म्हणते, तोंडानं अहो. तो कठड्यावर तळहात सपाट ठेवून उभा होता, वैद्यानं नाडी बघावी तसा. "ती पिवळी गाडी हाय ना, तिचं इंजिन मिस होतंय," तो म्हणाला, "हाताला लागतं." तो आखातातल्या एका बंदरात टगवर आहे, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ती ठेंगणी बोट, तिच्या पोटात इंजिनपाशी. तिथं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणतो. कानांत बोळे, वर जाड टोप्या. यंत्राची तब्येत हातानं बघायची आणि माणसाशीही हातानंच बोलायचं. घरी आल्या आल्या त्यानं मला ती खाणाखुणांची भाषा करून दाखवली होती, हसत, ताटावर बसल्या बसल्या. मूठ गोल फिरवली की चालू कर. बोट खाली केलं की पाणी बघ. पंजा उघडा धरला की थांब, आहेस तिथंच राहा, मी येतोय. "आणि 'भात वाढ'ला काय?" मी विचारलं होतं. "त्याला काय नाय, त्याला घरीच यावं लागतं."

तो मला जिन्यावरून हात धरून खाली घेऊन आला. सगळ्यांच्या देखत हात धरला म्हणून एरवी मी लाजले असते. गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या मैदानात, आनंदमेळा लागला होता, जांभ्या दगडाची लाल धूळ सगळ्यांच्या चपलांवर बसली होती, आणि आमचा असा एकत्र बाहेर पडायचा तो लग्नानंतरचा जवळजवळ पहिलाच दिवस. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत बसलो होतो, दुपारी बाजारात मासळीची थाळी जेवलो होतो. अम्मी, म्हणजे माझी सासू, म्हणाली होती, "पोरीला माझ्याकडं ठेवा नि जा गो दोघंच." पण मुसा अमरीनला सोडायला तयार नव्हता. शुक्रवारी त्याला परत जायचं होतं. त्याच्या मागं झाली ही पोरगी, चालायला लागायच्या बेताला आली तेव्हा त्यानं तिला पहिल्यांदा बघितली. तिला उचलून तो घरभर फिरायचा, आणि ती त्याच्या अंगावरून दोन्ही हात माझ्याकडे लांब करून असायची.

तिला तो ओळखीचा होता, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कारण कॅसेटी. आमच्या राजिवड्यात ज्याचं माणूस परदेशात त्याच्या घरात एक मोठा टेप असतो, त्यावर विणलेला रुमाल असतो, आणि सुट्टीवर येणाऱ्याच्या हातून कॅसेट येते. कॅसेट आली की सगळं घर भोवती बसतं, शेजारणीही येतात, कारण मधेच त्यांच्या माणसाचाही सलाम असतो. इतक्या माणसांपुढे कुणी बायकोला काय सांगणार? लग्नानंतरच्या पहिल्या कॅसेटीत माझ्या वाट्याला एवढंच होतं, "आणि नाझियाला सलाम." ते तीन शब्द मी दुपारी सगळे निजले की रिवाइंड करून ऐकायची. अमरीन झाली आणि मुसाला वाट सापडली. तो तिच्याशी बोलायला लागला. "अमरीनबाय, तुझ्या आयेला सांग, पाठ दुखते तर खाली वाकून केर काढायचा नाय. अमरीनबाय, तुझ्या आयेनं पाठवलेल्या फोटोत ती रोड दिसते, तिला सांग, मी तिकडं जेवतो, तू इकडं जेव." सगळे हसायचे, बाप लेकीवर जीव टाकतो म्हणायचे, आणि मी डोळे खाली करून लेकीच्या नावानं आलेलं माझं माझं उचलून घ्यायची.

त्यातली पहिली कॅसेट मात्र खरोखर तिचीच होती. जन्मल्यावर कानात अजान द्यायची असते. बाप जवळ नव्हता, तेव्हा मुसाच्या चुलत्यांनी दिली. मुसाच्या मनाला ते लागून राहिलं. त्यानं टगवरच्या आपल्या कोंदट खोलीत अजान म्हणून भरून पाठवली. मागं कुठंतरी यंत्राची घरघर आहे तिच्यात. चाळिसाव्या दिवसानंतर मी अमरीनला मांडीवर घेऊन तिचा उजवा कान टेपच्या जाळीला लावला होता. ती शांत झाली. एकदम शांत. पाय झाडत होती ते थांबले. अम्मी डोळे पुसत म्हणाली, "बापाला ओळखलंन गो!" तेव्हापासून रोज दुपारी तोच खेळ. रांगायला लागल्यावर टेपचा लाल दिवा पेटलेला दिसला की ती धावत आल्यासारखी रांगत यायची, जाळीला गाल टेकवायची आणि हसायची, असं हसायची की तसं मलाही बघून कधी हसली नाही. "हिचा बाप टेपात राहतो," शेजारची सगुणाकाकी म्हणायची. सगुणाकाकीचा माणूसही बोटीवर. तिच्या हसण्याला तेवढा हक्क होता. मी तिचा तो हसरा फोटो मुसाला पाठवला होता. तो त्यानं आपल्या निजायच्या बंकच्या वर चिकटवला होता आणि मित्रांना सांगत असे, माझी पोरगी माझा आवाज ओळखते.

मग तो आला, आणि ती ओळखेना. दारातून "अमरीनबाय!" म्हणून हाक मारलीन, ती पाठमोरी बसून बोळक्यात बोळकं घालत राहिली. पुढ्यात जाऊन बसला तर रडून घर डोक्यावर घेतलं. अम्मी म्हणाली, वेळ दे. तो वेळ देत राहिला. एका दुपारी काय वाटलं कोण जाणे, त्यानं स्वतःचीच कॅसेट लावली. ती लगेच गेली, गाल टेकून हसली. त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, तोच माणूस त्याच आवाजात तिला बोलावत होता. "माझ्यापेक्षा माझी कॅसेट बरी," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण त्या दिवशी चहा न पिता धक्क्यावर जाऊन बसला. मी त्याची समजूत घालताना काय बोलले होते? बोलले होते, तुम्ही खोक्यातून बाहेर आलात ना, म्हणून गोंधळली. किती शहाणी मी. हे सगळं आता मेळ्यातल्या जिन्यावरून उतरताना, एकेका पायरीवर, मला पुन्हा दिसत होतं, आणि प्रत्येक गोष्ट तीच असून तिचं दुसरंच तोंड माझ्याकडे वळलेलं होतं. ती दाराच्या धडाक्यानं वळते, पण आमची खोली माडीवरची, दार आपटलं की फळ्या हलतात. मशिदीच्या भोंग्यानं कधी उठली नाही, पण मी अनवाणी पाय ठेवला की उठते. सहा-सात महिन्यांची होती तेव्हा केवढी बडबडायची, मग हळूहळू का कमी झाली? "बाप उशिरा बोलला, ही उशिरा बोलेल," अम्मी म्हणाली होती, आणि मी ते घट्ट धरून ठेवलं होतं.

"फोटो काढू," मुसा म्हणाला. पुठ्ठ्याच्या विमानाचा एक स्टॉल होता, खिडक्या कापलेल्या, मागं रंगवलेले ढग. आम्ही खिडक्यांमागे बसलो, अमरीन दोघांच्या मधे. फोटोवाल्यानं खुळखुळा काढला. "ए बेबी! इकडं!" तिनं ढगाला बोट लावलं. त्यानं चुटक्या वाजवल्या, शीळ घातली, पत्र्याचा डबा बडवला. "पोरगी लय मानी हाय तुमची, भाऊ." "बापावर गेलीय," मुसा म्हणाला, आणि तिच्या कानाजवळ तोंड नेऊन, "अमरीनबाय, बघ तिकडं, बघ ना गो." माझे डोळे त्या खुळखुळ्यावरच खिळले होते. मी मनात म्हणत होते, वळ. एकदा वळ, मी पुन्हा काही मागणार नाही. शेवटी फोटोवाल्यानं वैतागून खिशातला लाल रुमाल काढून झटकला, आणि ती टुण्णकन वळली, डोळे मोठे करून. त्या फोटोत ती रुमालाकडे बघतेय, मुसा तिच्याकडे, आणि मी फोटोवाल्याच्या दुसऱ्या हातातल्या खुळखुळ्याकडे.

आम्ही विमानातून उतरलो. त्यानं बर्फाचा गोळा घेतला, काला खट्टा, मला आवडतो तो त्याच्या लक्षात होता. तोंडात गोड आंबट थंड सगळं एकदम आलं आणि मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी गोळा जोरात चोखत राहिले. "आवडला?" "हो." "मग तोंड का पाडलंस? आकाशपाळण्यात बसायची भीती वाटते काय?" "हो," मी म्हणाले, "वाटते." केवढी सोपी गोष्ट विचारली होती त्यानं. मला वाटलं, हे असंच शुक्रवारपर्यंत पोचवावं. हा माणूस वर्ष वर्ष लोखंडाच्या पोटात उभा राहतो, तिथं त्याला ऐकू येत नाही, दिसतं ते दिव्यात, आणि पाळी संपल्यावर बंकवर पडून तो एका पोरीशी बोलतो. त्या बोलण्यावर त्याचं सगळं चाललंय. ते बोलणं कुठंच पोचत नव्हतं हे मी त्याला का सांगू? तो जाईल. मी एकटी हिला मुंबईला नेईन, दाखवीन, डॉक्टर हसून म्हणतील, काही नाही, मळ साचलाय. आणि लगेच दुसरं मन म्हणे, तो विमानात बसेल आणि पुढं दोन वर्षं हिच्याशी बोलत राहील, आणि तू घरात सगळ्यांच्या मधे बसून ते ऐकशील.

आकाशपाळण्यात आम्ही बसलो. गडी येऊन दांडी अडकवून गेला. पाळणा एकेक बसायचा झोळा भरत हलत थांबत वर चढत होता, आणि आमचा झोळा अगदी माथ्यावर गेला तेव्हा खाली कुणाची तरी बसताना गडबड झाली असावी, तो तिथंच राहिला. वारं होतं. सगळा सडा खाली लाल पसरलेला, पलीकडं नारळींची डोकी, भाट्याचं सुरूचं बन, आणि मग समुद्र, मावळतीनं पत्र्यासारखा. मेळ्यातली गाणी, भोंगे, पिपाण्या, सगळं वर येईपर्यंत एकमेकांत कालवून जात होतं. मुसा खूश होता. "बघ, बघ, त्या बाजूला आपलं घर," तो म्हणाला. मग जरा वेळानं, समुद्राकडंच बघत, "ह्या वेळी कॅसेट इथंच भरून ठेवतो. निवांत. तिकडं आवाज नीट येत नाय, इंजिनाची घरघर येते मागनं, म्हणून तिला कळलं नसेल. चांगली भरतो. तू रोज लाव. पुढच्या खेपेला मी दारातनं हाक मारली की धावत येईल ना गो? सांग ना."

मी अमरीनचा हात हातात घेतला, तो चिकट होता, गोळ्याच्या रंगानं जांभळा, आणि त्याच्या गळ्यावर ठेवला, कंठाशी.

"काय करतेस गो?"

"बोला."

"काय बोलू?"

"काहीपण. पण बोला तुम्ही."

तो हसला, आणि हसला तेव्हाच तिच्या तोंडावर ते आलं. तेच. दुपारचं, टेपपाशीचं हसू. "अमरीनबाय, तो बघ समुद्र, तिकडं तुझा बाबा असतो..." तिनं दुसराही हात आणला. ती त्याच्या गळ्याकडे असं बघत होती की जणू तिथं कुणी दार उघडलं होतं. मुसाला काय करू आणि काय नको असं झालं. "हसली! नाझिया, बघ, ओळखलंन! अखेरीला ओळखलंन!" तीन आठवडे तो याची वाट बघत होता, आणि मी त्याला ते एवढंच, एका श्वासापुरतं, घेऊ दिलं. मग तिचे दोन्ही हात मी अलगद काढून घेतले.

"आता बोला."

"अमरीनबाय?" तो म्हणाला. ती आपल्या तळव्यांकडे बघत होती. "अमरीन. ए अमरीन!" वरच्या आवाजात. खालच्या झोळ्यातल्या बाईनं मान वर करून बघितलं. अमरीननं दिव्यांच्या माळेकडं बोट केलं, दिवे नुकतेच लागले होते. मला बोलावंच लागलं नाही; त्याला यंत्रं कळतात. त्यानं स्वतः तिचा हात उचलून पुन्हा गळ्यावर ठेवला, ओठ न हलवता एक बारीक "हं" केलं, तिचं तोंड फुललं. हात काढला. "हं." काही नाही. हात ठेवला. असं तो किती वेळ करत राहिला. यंत्राचा कुठला भाग गेलाय ते शोधताना तो असाच गप्प होत असेल.

"टेप?" शेवटी तो म्हणाला.

"टेप थरथरतो," मी म्हणाले.

पाळणा सुरू झाला. खाली जाताना पोटात खड्डा पडतो, तसा पडला, आणि अमरीनला ते फार आवडलं, ती दोघांच्या मधे खिदळत होती. आम्ही वर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. तिचा हात त्याच्या गळ्यावर होता आणि तो बोलत होता, न थांबता, काय ते मला वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते वाऱ्यानं कानांकडं जात होतं. फेरी संपली, गडी दांडी काढायला आला, तेव्हा मुसानं त्याला मान हलवून नको म्हटलं. आम्ही परत वर गेलो.

परतताना रिक्षा केली. उतारावर एकदा त्यानं विचारलं, "अजान?" मी म्हणाले, "ती ज्याला पोचायची त्याला पोचली." त्यानं मान हलवली. मग राजिवड्याच्या वळणावर, खाडीचा वास आला तेव्हा म्हणाला, "अम्मीला आता नको. मी गेल्यावर सांग." आणि घराच्या दारात, पैसे देऊन रिक्षा गेल्यावर, अंधारात माझ्याकडं न बघता, "जाड आवाज जास्त लागतो काय गो हाताला? का बारीक?"

गुरुवारी दुपारी त्यानं दार लावून कॅसेट भरली. दोन्ही बाजू. बाहेर अम्मी कौतुकानं म्हणत होती, किती बोलतो लेकीशी, आत जाऊ नका कुणी. शुक्रवारी तो गेला. स्टेशनवर, गाडी हलल्यावर, खिडकीतून त्यानं तिला नावानं हाक मारली नाही. पंजा उघडा धरला, आणि गाडी वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

पुढं मुंबईला तपासणी झाली. जे मला फळ्यांवर उभं राहून कळलं होतं तेच त्यांनी कागदावर लिहून दिलं. अम्मीला सांगितलं. तिनं काही दिवस टेपकडं पाठ करून नमाज पढली, मग एके दिवशी स्वतःच त्यावरचा रुमाल धुऊन पुन्हा घातला.

कॅसेट मी सगळ्यांच्यात लावली नाही. दुपारी घर निजलं की लावते. तिच्यात शब्द नाहीत. नुसता एक हुंकार आहे, छातीतून काढलेला, खाली, अगदी खाली, टगचं इंजिन दूरवर चालू असावं तसा, एका बाजूला तेवढाच आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. कुठं "तुझ्या आयेला सांग" नाही. सलाम नाही. पहिल्या दिवशी मी ती शेवटपर्यंत ऐकली, कुठंतरी असेल म्हणून, आणि नव्हतं. त्यानं लेकीला जे द्यायचं ते देताना माझं त्यातून काढून घेतलं होतं. त्याला ते उमगलंही नसेल, आणि उमगून केलं असेल तरी बरोबरच केलं. एवढा वेळ हुंकार करायचा म्हणजे गळा किती सोलवटला असेल.

अमरीन येते. आता ती चालत येते, लाल दिव्याकडं, जाळीला गाल टेकवते आणि हसते. मी शेजारी बसते. हुंकार चालतो, लांबत जातो, त्याचा दम संपत येतो, किंचित कापतो आणि थांबतो. तेव्हा ती दचकून गाल उचलते आणि माझ्याकडं बघते, कुठं गेला म्हणून. मी पंजा उघडा धरते: थांब, येतोय. ती थांबते. आणि तेवढ्या जागेत, जिथं तिच्या गालाला काहीच लागत नाही, तिथं तो श्वास घेतो. मला ऐकू येतो.